आवाजाने धडधड खरेच उतरते का?

गेल्या वर्षी आईसाठी घरी रक्तदाब मोजायचे यंत्र आणले. पहिले आठ-दहा दिवस ते मीही वापरून पाहिले. रात्री जेवण झाले की ओट्यावर बसायचे, दंडाला पट्टा बांधायचा, आकडा वहीत टिपायचा, मग मोबाइलवर बासरी लावून दहा मिनिटे डोळे मिटून बसायचे आणि पुन्हा मोजायचे. वरचा आकडा रोज आठ-दहाने उतरलेला दिसे. बासरीचा गुण, असे मी घरात सांगूनही टाकले. मग एका रात्री मोबाइल चार्ज केलेला नव्हता. काहीच न लावता तेवढाच वेळ बसलो आणि मोजले. आकडा तेवढाच उतरला होता.

पाठीमागे चालू असलेल्या आवाजाने शरीरातला ताण कमी होतो का, या प्रश्नावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. ते वाचताना मला ती रात्र सारखी आठवते. शांत बसलेल्या माणसाचे शरीर आपोआप निवते. नाडी मंदावते, घाम सुकतो, रक्तदाब उतरतो. तेव्हा आवाज ऐकवला आणि ताण कमी झाला, एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. तेवढाच ताण दिलेली, तेवढाच वेळ बसवलेली, पण तो आवाज न ऐकलेली दुसरी माणसे तुलनेला हवीत. हा प्रश्न मला केवळ वाचनापुरता वाटत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, आवाजाचा मारा वाढतो आहे आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसे घरोघर आहेत.

आधी मोजतात काय, ते पाहू. घाबरलेल्या माणसाच्या तळव्याला ओल सुटते. डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या घामानेही त्वचेतून वीज अधिक सहज वाहते आणि बोटाला लावलेल्या दोन पट्ट्यांवर ते मोजता येते. दुसरी खूण नाडीची. तिसरी थोडी बारीक आहे. निवांत माणसाचे ठोके घड्याळासारखे सारख्या अंतराने पडत नाहीत. श्वास आत घेताना ते किंचित लगबगीने पडतात, सोडताना रेंगाळतात. ताणात हा लवचीकपणा कमी होतो. चौथी खूण रक्तदाब. पाचवी कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून पाझरणारे संप्रेरक, जे लाळेतही सापडते. लाळेतले अमायलेज नावाचे पाचक द्रव्यही ताणाच्या वेळी वाढते, म्हणून तेही तपासतात.

ताण द्यायचीही एक ठरलेली रीत आहे. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेल्हामर यांनी ती 1993 मध्ये मांडली. अनोळखी परीक्षकांपुढे माणसाला उभे करायचे, नोकरीच्या मुलाखतीसारखे भाषण करायला लावायचे आणि लगेच एका मोठ्या संख्येतून 13-13 तोंडी वजा करत जायला सांगायचे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. स्पर्धा परीक्षेची मुलाखत दिलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही मुलाला हे वर्णन ऐकूनच घाम फुटेल.

स्टॉकहोम विद्यापीठातल्या अल्वार्सन, वीन्स आणि निल्सन यांचा 2010 सालचा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात तुलना नीट केलेली आहे. 40 जणांना तोंडी गणिते घालून ताण दिला आणि मग वेगवेगळे आवाज ऐकवले. एकात कारंज्याचे पाणी आणि पक्ष्यांची किलबिल होती, 50 डेसिबलला. दुसऱ्यात रस्त्यावरची वाहने तेवढ्याच 50 डेसिबलला, तिसऱ्यात वाहनेच 80 डेसिबलला. चौथ्यात मागच्या अंगणात ऐकू येणारी, हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्राची 40 डेसिबलची घरघर. पाणी आणि पक्षी ऐकताना तळव्याचा घाम इतर आवाजांपेक्षा लवकर ओसरण्याकडे कल दिसला. आता यातली मेख अशी की ठोक्यांमधल्या लवचीकपणात मात्र कसलाच फरक पडला नाही. एकाच माणसाच्या शरीराने एका खुणेवर ‘हो’ म्हटले आणि दुसरीवर काहीच म्हटले नाही. वृत्तपत्रांत अशा प्रयोगांची बातमी येते तेव्हा पहिले उत्तर छापले जाते आणि दुसरे गळते.

झुरिकच्या मिरियम थोमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2013 चा अभ्यास तर याहून बोलका आहे. 60 निरोगी स्त्रियांचे तीन गट केले. ताण देण्याआधी एका गटाने ऐकले शांत, संथ चर्चसंगीत, सतराव्या शतकातल्या अलेग्रीचे. दुसऱ्याने ऐकले झुळझुळ वाहणारे पाणी. तिसरा गट नुसता बसून राहिला. मग तिघांनाही ट्रियरच्या पद्धतीने मुलाखत आणि गणिते. कुणाचे कॉर्टिसॉल सर्वांत कमी चढावे? पाणी ऐकणाऱ्यांचे. आणि सर्वांत जास्त? संगीत ऐकणाऱ्यांचे. त्याच संगीत ऐकणाऱ्या स्त्रियांचे लाळेतले अमायलेज मात्र नंतर लवकर पूर्वपदावर आले. म्हणजे गाण्याने ताण वाढला की उतरला? जे मोजाल त्यावर उत्तर अवलंबून. ‘संगीताने ताण जातो’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की ते तपासायचे असते हेच ध्यानात राहत नाही. गाणे मन गुंतवते, काही आठवणी जागवते, मेंदूला कामाला लावते. झुळझुळते पाणी काही मागत नाही. मला यातला फरक तिथे दिसतो.

2021 मध्ये रेचल बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे 18 अभ्यास एकत्र करून पाहिले. पाण्याच्या आवाजाने प्रसन्नता आणि आरोग्याच्या खुणा अधिक सुधारलेल्या दिसल्या. ताण आणि चिडचिड कमी करण्यात पक्षी पुढे निघाले. त्याच लोकांनी अमेरिकेतल्या 68 राष्ट्रीय उद्यानांत 221 ठिकाणी ध्वनिमुद्रण करून कुठे निसर्ग ऐकू येतो आणि कुठे वाहने, याचा हिशेब मांडला. असा हिशेब कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत शनिवारी रात्री गेलेल्याला कळेल, मी का म्हणतो ते. काजवे झाडांवर लखलखत असतात आणि खाली गाड्यांचे हॉर्न.

पक्ष्यांच्या आवाजाबद्दल एक सावधगिरी. 295 जणांवर ऑनलाइन केलेला 2022 चा अभ्यास वारंवार सांगितला जातो. सहा मिनिटे पक्षी ऐकून लोकांची चिंता कमी झाली, हे त्यात खरेच आढळले. पण ते लोकांनी प्रश्नावलीत लिहिलेले होते. घाम, नाडी, लाळ यांतले काही त्यांनी मोजले नव्हते. ‘बरे वाटले’ हे मौल्यवान आहे, पण शरीरावर खूण उमटली का, हा प्रश्न वेगळा.

मग प्रश्न येतो की पाणी आणि पक्षी का? इंग्लंडमधल्या ब्रायटन इथे 17 जणांना मेंदूचा स्कॅन चालू असताना निसर्गाचे आणि कृत्रिम परिसराचे आवाज ऐकवले. 2017 चा हा अभ्यास. निसर्गाच्या आवाजात मन बाहेर वळले, कृत्रिम आवाजात स्वतःतच घुटमळले. आणि सुरुवातीला ज्याच्या शरीरावर ताण जास्त, त्याला फायदाही जास्त. आधीच निवांत असलेल्यांचा ताण तर किंचित वाढलेला दिसला. 17 ही संख्या फार लहान, हे खरे. तरी त्यातून मला जो धागा दिसतो तो असा: शरीर प्रत्येक आवाजाला एकच गोष्ट विचारते, माझ्याकडे काही काम आहे का? सातभाई शेवग्यावर कलकलाट करत असतात तोवर आसपास सारे ठीक असते. मांजर आले की त्यांचा सूर बदलतो आणि घरातली बाई पीठ मळता मळता मान वर करते. तिला कुणी शिकवलेले नसते.

नगरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. खारे कर्जुने परिसरात लष्कराचे के. के. रेंज आहे. रणगाड्यांच्या माऱ्याचा आवाज आजूबाजूच्या गावांत येतो. पाहुणा दचकतो. गावातला म्हातारा हातातला चहाचा कप हलू देत नाही. मला ते पाहून कायम वाटत आले आहे की त्याच्या नाडीलाही हा आवाज तितकाच ओळखीचा झाला आहे की फक्त चेहऱ्याला, हे तपासले पाहिजे. कारण कान सरावतो तसे हृदय सरावतेच असे नाही. युरोपात चार विमानतळांजवळ राहणाऱ्या 140 जणांचा रक्तदाब रात्रभर दर पंधरा मिनिटांनी मोजला गेला. 2008 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. विमान गेले की झोपलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब सरासरी सहाने चढत होता. माणूस जागा होत नव्हता. सकाळी विचारले असते तर त्याने छान झोप लागली असेच सांगितले असते.

राहुरी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात नगर-मनमाड रस्त्याला खेटून हजारो घरे आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले आणि वर कर्णकर्कश गाणी लावलेले. ड्रायव्हरला रात्री जागे राहायचे असते, त्याची गरज मी समजू शकतो. पण रस्त्याकडेच्या घरात बाळंतीण झोपलेली असते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलच्या वर आवाज जायला नको. दवाखाने, शाळा, न्यायालये यांच्याभोवती 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50 आणि रात्री 40. स्टॉकहोमच्या प्रयोगात कारंज्याचा आणि पक्ष्यांचा गोड आवाज जेवढा मोठा होता, तेवढीच ही दवाखान्याभोवतीची दिवसाची मर्यादा. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या गावी कुठल्याही दवाखान्याच्या दारात उभे राहून पाहावे.

दवाखान्याच्या आतही हेच. वडिलांना एका अतिदक्षता विभागात ठेवले होते तेव्हा मी तीन रात्री बाहेरच्या बाकड्यावर काढल्या. दार उघडले की पिंपिं आवाज, एका खाटेचा थांबायच्या आत दुसऱ्या खाटेचा. वॉर्डबॉय मोठ्याने हाका मारत होता, स्टीलचा ट्रे आदळत होता. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, ‘‘मला घरी नेऊन टाक, तिथे तरी शांत पडेन.’’ दोष कुणा एकाचा नव्हता. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या संशोधकांनी जगभरची मोजमापे जमवून 2005 मध्ये दाखवले की रुग्णालयांतला दिवसाचा आवाज 1960 साली सरासरी 57 डेसिबल होता, तो 72 वर गेला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात आवाजावर स्वतंत्र प्रकरणच लिहिले होते. दीडशे वर्षांनी गोंगाट वाढलेलाच आढळला.

म्हणूनच मोबाइलवरचे ‘व्हाइट नॉइज’ आणि पावसाच्या आवाजाची ॲप विकत घेण्याआधी थांबावे असे माझे मत आहे. सतत चालणाऱ्या आवाजाने झोप सुधारते का, यावरचे 38 अभ्यास 2021 मध्ये एकत्र तपासले गेले. पुराव्याचा दर्जा फारच कच्चा निघाला. पंख्याच्या आवाजाशिवाय झोप न येणारी माणसे आपल्या घरात आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण गोंगाटावर दुसऱ्या आवाजाचे पांघरूण घालणे आणि गोंगाट कमी करणे यांत दुसरे कधीही सरस.

सगळ्यांत ठोस पुरावा मला सापडतो तो अगदी तान्ह्या जिवांचा. अमेरिकेतल्या 11 नवजात अतिदक्षता कक्षांत 272 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला जोआन लोवी यांचा अभ्यास 2013 मध्ये आला. त्यात ध्वनिमुद्रण वाजवले नव्हते. बाळाच्या श्वासाकडे पाहत वाद्यांतून गर्भातल्यासारखा आवाज काढला गेला, आणि आईबापांच्या आवडीचे गाणे अंगाईसारखे संथ करून गायले गेले. बाळांच्या हृदयाची गती उतरली, दूध पिणे आणि झोप सुधारली. बाळाला ‘संगीताने बरे वाटते’ असे कुणी आधी सांगून ठेवलेले नसते, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे. मोठ्या माणसाला कानात काय वाजते आहे हे लपवून ठेवता येत नाही. त्याची अपेक्षाही त्याच्या नाडीत उतरते.

याच कारणाने गायींचा प्रयोगही लक्षात ठेवावा. लेस्टर विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये सुमारे हजार गायींना संथ आणि जलद संगीत ऐकवले. संथ संगीतात दूध सुमारे 3 टक्के जास्त निघाले. संगमनेर-राहात्याकडे गोठ्यात धारेच्या वेळी रेडिओ लावून ठेवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. एका प्रयोगावर भिस्त ठेवता येणार नाही, आणि गाणे लागले की धार काढणाऱ्याचा हातही हलका होतो, तो भाग वेगळा काढायला हवा. तरी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संकरित गायींवर इतके काम होते, तिथे असा प्रयोग कुणी विद्यार्थ्याने हाती घेतला तर तो जिल्ह्याच्या कामाचा ठरेल.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. पाठीमागे चालू असलेला आवाज वेगळा आणि तोंडाने म्हटलेला नाद वेगळा. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांनी 2001 मध्ये दाखवले की जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा ‘ओम् मणि पद्मे हुम्’ म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तरतरीत होते. याचे श्रेय श्वासाला आहे. निवृत्तिनाथांची पालखी आषाढी वारीसाठी नगरवरून पुढे जाते तेव्हा टाळ-मृदंगाचा आवाज डेसिबलच्या यंत्रावर लहान नसतो. दिंडीत अभंग म्हणत चालणारा वारकरी तो आवाज स्वतः करत असतो. त्याच दिंडीचे ध्वनिमुद्रण कर्ण्यावर लावून शेजाऱ्याच्या खिडकीत सोडले तर शेजाऱ्याच्या शरीराला त्यातले काही मिळत नाही.

बेर्नार्दी यांचाच 2006 चा दुसरा अभ्यास मला नगरशी जोडलेला वाटतो. 24 जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले, त्यात भारतीय रागही होता. लय जलद झाली की श्वास आणि नाडी वाढली, संथ झाली की कमी झाली. पण सर्वांत खोल विसावा मिळाला तो मध्येच घातलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. नाडी आणि रक्तदाब तेव्हा सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. नगरजवळ अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी तिथे मौन धरले ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत. आजही 10 जुलैला त्यांचे अनुयायी दिवसभर मौन पाळतात. इतकी माणसे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, स्वखुशीने गप्प बसतात. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी रक्तदाब मोजायचा म्हटले तर याहून चांगली जागा कुठे मिळेल?

आपल्याकडे चाचणी घ्यायची तर आवाज आपले हवेत. स्टॉकहोमचे कारंजे आणि युरोपातले पक्षी इथल्या माणसाला काय सांगणार? रंधा धबधब्याचा घुमारा, प्रवरेच्या पाटाचे पाणी, पहाटेचा काकडा, रेहेकुरीच्या माळावरचे चंडोल, गिरणीचा पट्टा. आणि सोबत एक गट काहीच न ऐकणारा. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये प्रकल्प सुरू करून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. अशा घराघरांत विश्वासाने शिरणाऱ्या बायका मोजमाप करतील तर आकडे खरे येतील. पांढरा कोट पाहून चढणारा रक्तदाब त्यांच्यासमोर चढणार नाही. लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटात आहे. यंत्रांची अडचण नाही.

पाण्याच्या आवाजाविषयी मला विशेष कुतूहल आहे, कारण पाथर्डी, पारनेरसारख्या कोरड्या तालुक्यांत पाणी म्हणजे टँकरची घरघर आणि हंड्यांचा खणखणाट. श्रीगोंद्याला माझ्या मामाच्या वस्तीवर पाण्याचा आवाज म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची घूं-घूं. रात्रपाळीची लाइट असली की तो मोटार चालू करतो, उसाचे दारे धरून येतो आणि विहिरीजवळच बाज टाकतो. गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर होतो. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर खिशात होता, तो त्याच्या बोटाला लावून ठेवला. मोटारीचा आवाज कमी नव्हता, मला तर बोलणे नीट ऐकू येत नव्हते. मामाच्या नाडीचा आकडा मात्र 80 वरून हळूहळू उतरत साठीत आला आणि त्याचे तोंड उघडे पडले. अडीचच्या सुमाराला लाइट गेली. एकदम शांत झाले. रातकिडे, लांबचे कुत्रे, बाकी काही नाही. मी यंत्राच्या लाल आकड्याकडे पाहत होतो. 66, 71, 78. डोळे अजून मिटलेलेच होते. 84 ला त्याने बॅटरीसाठी उशाशी हात घातला.

‘‘लाइट गेली का रे?’’ मामा म्हणाला.